तिसऱ्या मजल्यावरचं वाहतं पाणी

१

सकाळी साडेआठला गौतमची कॅब यायची. तो गेला की मी दार लावायचे, कडी बसली का ते दोनदा बघायचे, आणि मग घरातल्या दोघांची तब्येत तपासायचे. आधी ईशाची, मग पाण्याची.

ईशा माझी मुलगी, अकरा महिन्यांची. तिच्यासाठी मी एक लांबट वही केली होती. काय भरवलं, किती चमचे आत गेले, किती बाहेर आले, झोप किती, शी कशी, सगळं त्यात. गौतम, माझा नवरा, तिला पंचनामा म्हणायचा. त्याच वहीत मागच्या पानापासून पाण्याच्या नोंदी होत्या. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला संख्याशास्त्र शिकवत होते. लग्न होऊन हैदराबादला, जामबागेतल्या या तिसऱ्या मजल्यावर आले, ईशा झाली, नोकरी सुटली. मोजायला एवढंच उरलं, म्हणून जरा जास्तच मोजायचे. हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

सुरुवात झाली ती ईशाच्या वजनापासून. तीन महिने काटा पावणेसात किलोवर अडून बसला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त कमी आहे. हिरवी पालेभाजी द्या, पालक द्या. आणि आई, तुम्ही जरा शांत राहा." आई म्हणजे मी. ईशा तीन चमचे खाऊन तोंड मिटायची. इतक्या लहान पोरीचं मिटलेलं तोंड उघडायला जगात कुठलंही हत्यार नाही.

त्यात एक दिवस खाली गाडीवाला पालकाच्या जुड्या बादलीतल्या काळपट पाण्यात बुचकळताना दिसला. मी घेतलेली जुडी तशीच्या तशी कचऱ्यात टाकली. ते पाणी कुठलं, ती शेतं कुठल्या पाण्यावर, तिला कुणाकुणाचे हात लागले. त्या दुपारी ईशा झोपल्यावर मी फोनवर ओळीने सहा व्हिडिओ पाहिले. मातीशिवाय भाजी. घरच्या घरी, नुसत्या पाण्यावर.

२

गौलीगुड्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पाइप आला, आबिड्सजवळच्या माशांच्या टाक्यांच्या दुकानातून छोटा पंप. गौतमने रविवारी भोकं पाडली. बाल्कनीत कबुतरं आणि ऊन, म्हणून स्टँड हॉलमध्येच, बाल्कनीच्या सरकत्या दाराला लागून उभं केलं. ईशाची खेळायची सतरंजी तिथून चार पावलांवर.

रचना साधी. खाली झाकणाचा टब. त्यातलं पाणी पंप वरच्या पाइपात चढवतो. पाइप किंचित उतरता, त्यामुळे पाणी वाहत दुसऱ्या टोकाला येतं, खालच्या पाइपात पडतं, त्यातून वाहत परत टबात. पाइपांना मिळून बारा भोकं, प्रत्येकात जाळीचा कप, कपात भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि नारळाच्या भुशात एक रोप. मुळं खाली पाण्यात लोंबतात. खताच्या दोन बाटल्या, आणि पाण्यातले क्षार मोजायला पेनाएवढं मीटर. ते मीटर हातात आलं तेव्हा मला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं.

सासूबाई बघायला आल्या. मालनबाई. गौतम त्यांना माय म्हणतो, मी आई. त्या गौलीगुड्यात एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात, दर बुधवारी ज्वारीचं पीठ घेऊन येतात, आणि येताना माझ्यात काय कमी आहे तेही घेऊन येतात.

"हे काय बसवलीस गे? नळात भाजी?"

"आई, यात माती लागत नाही. स्वच्छ असतं."

"मातीत काय घाण असती? आमच्या बापानं जलमभर मातीच तुडवली." त्यांनी पाइपाला कान लावला. "आन् हे दिवसभर असंच वाजणार?"

"दिवसभर. पंप बंद झाला तर मुळं सुकतात."

"पोरीला पाण्यावर जगवायलीस म्हण की." त्या ईशाकडे वळून हसल्या, पण वाक्य मला होतं.

तिसऱ्या आठवड्यात पालक उगवून तळहाताएवढा झाला. पहिली पानं मी उकडून, वाटून भरवली. ईशाने तीन चमचे खाल्ले आणि तोंड मिटलं. वहीत लिहिलं : तीन.

३

मग मी फोटो टाकला. पाइपांसमोर बसलेली ईशा, दोन्ही हातांत एक पालकाचं पान. घरच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर. बदाम आले, अंगठे आले, पुण्याच्या एका मावशीने 'केवढी गोंडस' असं पाचदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ईशाने एक चमचाही घेतला नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. अंगावर घेतलं तर मान फिरवून रडली. सासूबाईंचा फोन आला तेव्हा तीन वाजले होते. ईशा काहीच खात नाही, असं मी सांगितलं.

"दृष्ट काढली का?"

"पोट बिघडलं असेल, आई."

"पोट बिघडायला पोटात काही जायला तर पायजे ना." त्या पुढे बोलतच होत्या. "सगळ्या गावाला पोरगी दाखवलीस. मीठ-मोहरी मुठीत घे, तिच्यावरून सात बार उतर, आन् चुलीत टाक."

"आमच्याकडे इंडक्शन आहे."

माझ्या दोषांच्या यादीत एक भर पडली.

"मग वाहत्या पाण्यात सोड. मोरीत नक्को, तिथंच बसून राहती. वाहत्या पाण्यात, म्हंजे निघून जाती."

माझा दृष्ट वगैरेवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं ही पोट भरलेल्या मुलांच्या आयांची चैन आहे. मी मीठ-मोहरी घेतली, ईशाच्या डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा मूठ उतरवली, आलेल्यागेलेल्यांची, घरच्यांची, दारच्यांची, जिची लागली असेल तिची, असं पुटपुटले. आपलाच आवाज ऐकून लाज वाटली. मग मूठ मिटून हॉलच्या मधोमध उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावर वाहतं पाणी कुठून आणायचं? मुशी नदीवर जायचं, तर ईशाला कुणाजवळ ठेवायचं?

आणि मला ते ऐकू आलं. आठवडेच्या आठवडे दिवसभर ऐकत होते. झुळझुळ.

वरच्या पाइपाचं टोकाचं झाकण काढून मी मूठ आत उघडली. मीठ विरघळलं, मोहरीचे दाणे पाण्याबरोबर पुढे गेले. झाकण लावलं.

त्या संध्याकाळी ईशाने पालकाची अख्खी वाटी खाल्ली. रिकामी वाटी माझ्या हातात होती आणि ती अजून तोंड उघडून बसली होती.

४

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी चार वर्षं पोरांना शिकवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशीही. काढली की वाटी संपायची. एक दिवस मुद्दाम काढली नाही, तर चार चमचे. मग मी रोज काढायला लागले, गौतम गेल्यावर, पाणी मोजण्याआधी. मिठामुळे क्षारांचा आकडा वाढत गेला. पालकाला एवढं मीठ सोसायला नको होतं. पण पानं जाड होत होती, गडद होत होती.

मोहरी उगवली, यात आश्चर्य नव्हतं. दाणे वाहत जाऊन कपांच्या जाळीत अडकले, ओलावा मिळाला, कोंब आले. पालकाच्या बुंध्याशी दोन-दोन बारीक पानांचे फिक्कट कोंब. उपटून टाकणार होते. मग एक गोष्ट दिसली आणि हात थांबला.

रोपटं उजेडाकडे वळतं. हे चौथीच्या पुस्तकात असतं. बाल्कनी त्यांच्या मागे होती, सगळं ऊन तिकडून येत होतं. पालक तिकडे झुकलेला होता. मोहरीचे कोंब मात्र एकजात बाल्कनीकडे पाठ करून, हॉलच्या आत कललेले होते. सतरंजीकडे.

"समोरच्या कपाटाच्या काचेत उजेड पडत असेल," गौतम म्हणाला. मग सतरंजीवरच्या ईशाकडे आणि कोंबांच्या ओळीकडे बघून हसला. "किंवा मुलगी बघायला आलेत. तेजू, कांदेपोहे टाक."

मीही हसले. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या काचेवर चादर टाकली.

५

चादरीने फरक पडला नाही. पंखा बंद केला. फरक नाही.

सोमवारी मी सतरंजी उजवीकडे, जेवणाच्या टेबलाजवळ सरकवली. मंगळवारी सगळे कोंब उजवीकडे. बुधवारी ईशाला दिवसभर बेडरूममध्ये ठेवलं. गुरुवारी सकाळी ते बेडरूमच्या दाराकडे होते, सगळे, अगदी खालच्या पाइपातले, ज्यांना मधल्या सोफ्यामुळे ते दार दिसणं शक्य नव्हतं.

'दिसणं' असंच मी वहीत लिहिलं. मग खोडून 'त्या दिशेला उजेड पोचणं' असं लिहिलं.

मी मनाशी धरलं होतं की वळायला त्यांना एक रात्र तरी लागते. झाडं सावकाश असतात, त्यातच त्यांचं झाडपण आहे. गुरुवारी अकरा वाजता, लख्ख उजेडात, ईशाला कडेवर घेऊन मी पाइपांच्या डाव्या टोकाला उभी राहिले. नजर न हलवता बघितलं. एकही हलला नाही. मग पाठ फिरवली, चालत उजव्या टोकाला गेले, वळले.

ते आधीच आमच्याकडे वळून थांबलेले होते.

मी पुन्हा तसं केलं नाही. वहीत काही लिहिलं नाही. कोंब उपटायला हात पुढे केला, तेवढ्यात कडेवरच्या ईशाने माझं मनगट धरलं. मुलं धरतातच. मुलांची पकड घट्ट असते, असं सगळी पुस्तकं सांगतात.

६

तीन आठवड्यांत वजन सातशे ग्रॅमनी वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, आता आईला कसं हसू येतंय!" मी हसले, कारण त्या बघत होत्या.

त्यांना मी हे सांगितलं नाही की ईशा आता दुसरं काहीही खात नव्हती. वरणभात नाही, केळं नाही, सफरचंदाचा गर नाही. अंगावरचं दूध तिने सोडलं. मी जवळ घेतलं की ती माझ्या छातीकडे, कुणी चुकीच्या घरी बेल वाजवावी तशी, क्षणभर बघायची आणि मान वळवायची. फक्त तो पालक. त्याचा वास आला की तोंड उघडायचं, आणि वाटी संपेपर्यंत मिटायचं नाही. मधे गिळतानाही नाही. एवढं मागितलं होतं मी देवाकडे. आता मिळत होतं, तर चमचा पुढे नेताना मी तिच्याकडे न बघता वाटीकडेच बघायचे.

भामा आमच्याकडे झाडूपोछा करते. तेलुगू बाई, माझ्याशी इथल्या हिंदीत बोलते. त्या शुक्रवारी पोछ्याचं फडकं पिळता पिळता म्हणाली, "अम्मा, पाप किससे बाताँ करती जी?" पाप म्हणजे बाळ. नवीन आले तेव्हा या शब्दाला मी दचकायचे.

"अजून बोलत नाही ती, भामा. नुसते आवाज काढते."

"नै अम्मा, करती. आप अंदर गए तो करती. आप आए तो चुप." तिने फडकं बादलीत टाकलं. "वो पाइप के पास मैं नै झाडती. आप झाड लेव."

मी फोन रेकॉर्डिंगला लावून सतरंजीखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पंधरा मिनिटं भांडी वाजवली.

रेकॉर्डिंगमध्ये आधी बराच वेळ नुसतं पाणी. मग ईशाचा आवाज, एक लांब, सरळ 'अं'. तो आवाज चालू असताना पाणी ऐकू येत नव्हतं. ईशा थांबली, पाणी सुरू झालं. मग पाणी थांबलं, ईशाने पुन्हा तेच केलं, या वेळी थोडं आखूड. मग पाणी. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये, तसे दोघं आळीपाळीने.

"फोन तसंच करतो," गौतम म्हणाला. "माणसाचा आवाज आला की मागचा आवाज दाबतो. तुला माहितीये हे." मला माहीत होतं. "तेजू, तू आठ दिवस पुण्याला जाऊन ये. तुझ्या आईंकडे. झोप काढ."

"आणि ईशा काय खाईल तिथे?"

पहिल्यांदाच त्याने पाइपांकडे बघितलं आणि विनोद केला नाही.

७

सासूबाई बुधवारी आल्या तेव्हा मी मूठ उतरवत होते. वेळेचा माझा अंदाज चुकला होता. दार भामाने उघडलं.

"आता कशाची काढायलीस?"

"रोजचीच."

"रोजची?" त्यांनी पिठाची पिशवी खाली ठेवली. "मी एक बार सांगितलं होतं. एक बार. रोज काढायला ती काय रांगोळी हाय?"

"काढली की खाते ती."

"आन् सोडतीस कुठं?"

मी दाखवलं. झाकण काढून मूठ आत उघडली, जशी रोज उघडायचे. त्या जवळ आल्या.

"हे पाणी कुठं जायलंय?"

"खालच्या पाइपात."

"तिथनं?"

"टबात. मग पंप वर नेतो."

"आन् मग?"

"परत इथे."

"म्हंजे जातच न्हाई कुठं." त्या टबाकडे बघत होत्या. "महिना झाला तू पोरीची काढायलीस, आन् समदी इथं घरातच फिरायली."

पाण्याचा आवाज मोठा झाला, किंवा आम्ही दोघी गप्प झालो. मग त्यांची नजर टेबलावर गेली. सकाळची वाटी तिथे होती, कडेला हिरवं सुकलेलं. त्यांनी वाटीकडे बघितलं, पालकाच्या पानांकडे बघितलं, पुन्हा वाटीकडे. त्यांना विचारावं लागलं नाही. मला सांगावं लागलं नाही. पोरीवरून उतरवलेलं मी रोज पाण्यात सोडत होते, आणि रोज चमच्याने तिच्या पोटात परत घालत होते. स्वतःच्या हाताने, मोजून, लिहून ठेवून.

त्यांनी ईशाला उचललं.

"पोरगी माझ्यासंगं चालली. हे समदं काढून टाक, घर धू, मग न्यायला ये."

"आई, मी तिची आई आहे."

"हौ. म्हणूनच तुला इथं ठेवायली."

मी आडवं जायला हवं होतं. गेले नाही. ईशा माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने हात पुढे केला नाही, रडली नाही. दारातून बाहेर पडताना, पाइप दिसेनासे झाले तेव्हा मात्र एकदाच ओरडली. ती ओरडली तेव्हा हॉलमध्ये पाण्याचा आवाज बंद झाला.

मी मागे वळून बघितलं नाही. आधी पिशवीतून सांडलेलं पीठ गोळा केलं. मग बघितलं. पंप चालू होता. पाणी वाहत होतं. कोंब सगळे दाराकडे.

८

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सुरुवात केली. भामाला म्हटलं थांब, ती म्हणाली दुसऱ्या घरी उशीर होतो. पंप काढला. जी चांगली पानं होती ती कापून मी डब्यात भरली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. का ठेवला, याचं उत्तर मी अजून स्वतःला देते आहे. सवय. टाकवत नाही. पोरीचं जेवण.

कोंब एकेक उपटले. ते सहज निघाले, पण चिमटीत धरल्यावरही त्यांची पानं दाराकडेच राहिली. टबातलं पाणी बादलीबादलीने बाथरूमच्या जाळीत ओतलं. मोरीत नक्को, म्हणाल्या होत्या. पण दुसरं काय करणार होते मी, बादली घेऊन लिफ्टने खाली जाणार होते?

शेवटी पाइप. पालकाची मुळं आत एकमेकांत गुंतून पांढरा गालिचा होतो, हे व्हिडिओत दाखवलं होतं. टोकाचं झाकण काढलं, आत हात घातला, मूठभर मुळं पकडली आणि ओढली. गार, मऊ, थोडी बुळबुळीत. हातभर सरकली आणि अडली. अजून जोर लावला.

पलीकडून ओढ लागली.

मधे कुठे अडकलं असेल. दुसऱ्या टोकाचं झाकण बंद होतं, आत हवा कोंडून खेच बसली असेल. हे सगळं मी तिथल्या तिथे, गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंत हात आत असताना स्वतःला मोठ्याने सांगितलं. ओढ एकसारखी नव्हती. लागायची, सुटायची, लागायची. खेच बसते ती अशी नसते. बाळ दूध पिताना असं ओढतं.

मी हात सोडवून घेतला. दोन्ही टोकांना झाकणं घट्ट लावली, पाइप चिकटपट्टीने गुंडाळले आणि वॉचमनला खाली नेऊन टाकायला सांगितले. तो एकटा आला होता, हलकेच आहेत म्हणाला. जिन्यापर्यंत जाऊन थांबला आणि दुसऱ्याला हाक मारली.

९

ईशाने गौलीगुड्यात दोन दिवस काही खाल्लं नाही.

पहिल्या दिवशी सासूबाई फोनवर म्हणाल्या, भूक लागली की खाईल, चार पोरं वाढवली मी. दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमचा फोन आला. तो तिथेच होता, ऑफिसला गेला नव्हता. ईशा पाणीही घेत नव्हती. रडत नव्हती, ताप नव्हता, नुसती ओठ मिटून बसली होती. डॉक्टर येऊन गेले होते. दुपारपर्यंत काही पोटात गेलं नाही तर भरती करून नळी घालावी लागेल, म्हणाले.

"तेजू," तो म्हणाला, "माय विचारतेय, तू सगळं टाकलंस का?"

"का?"

फोन सासूबाईंनी घेतला. "काही राहिलं असंल तर आण," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच, इतका खाली गेलेला. "आण गे माय. पोरगी जायली हातातनं."

मी फ्रिज उघडला. कालची कापलेली पानं, पण एकाचंही टोक मलूल झालेलं नव्हतं. उकडली, वाटली, डबा पदराखाली धरून रिक्षात बसले. पुलाजवळ गर्दी होती, बसस्टँडच्या बाजूने हॉर्न वाजत होते. मला फक्त एवढंच दिसत होतं की डबा अर्धाच भरला आहे.

जिन्याचा दरवाजा उघडा होता. वरच्या खोलीत ईशा पलंगावर उशीला टेकून बसली होती, गाल आत गेलेले, ओठ कोरडे. गौतम जमिनीवर. डबा अजून माझ्या पदराखाली बंद होता, वास यायला फट नव्हती. ईशाने मान वळवली आणि तोंड उघडलं.

"बघ, बघ!" सासूबाई रडत हसल्या. त्या तिच्या अगदी जवळ होत्या. "आन् दात! गौतम, दात आलाय रे तिला! खालचा, पांढरं टोक बघ."

मीही बघितलं. खालच्या हिरडीतून काहीतरी पांढरं, बारीक, तांदळाच्या कणीएवढं वर आलं होतं. पहिला दात. वहीत लिहायला हवी अशी गोष्ट. मला आनंद व्हायला हवा होता, आणि खरंच झाला, एक श्वासभर.

मी डबा उघडून चमचा जवळ नेला. चमचा ओठांशी पोचायच्या आत ते टोक हिरडीत परत गेलं. सावकाश नाही. गोगलगायीला बोट लावलं की जातं तसं.

दात आत जात नाहीत.

सासूबाईंनीही बघितलं. मला माहीत आहे, कारण त्यांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे माझ्याकडे आले. गौतम जमिनीवर होता, त्याला दिसलं नाही. त्या खोलीत काही बोलायचं असेल तर ते तेव्हाच बोलायचं होतं. डबा खिडकीतून बाहेर फेकायचा असेल तर तेव्हाच. ईशाचं तोंड उघडं होतं, आत अंधार होता, आणि तिची मनगटं माझ्या दोन बोटांएवढी राहिली होती.

मी चमचा आत घातला.

तिने गिळलं. दुसरा. तिसरा. गालांवर रंग यायला लागला, अगदी बघता बघता, इतक्या लवकर यायला नको होता. मी डबा खरवडला, बोटाने कड पुसून तेही दिलं. माझं बोट तिने थोडं जास्त वेळ धरून ठेवलं.

सासूबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "उद्याचं कुठनं आणशील?"

मी ईशाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आजीकडेही नाही. पोट भरलेली, ओठ हिरवे, ती उघड्या दारातून जिन्याकडे बघत होती, मी कधी निघते याची वाट बघत.